फिटिंग

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी ‘फिटिंग’चा जॉब केलाय. दोन लोखंडी पट्ट्या कानशीने घासत बसायचं, एक दुसरीत बसली पाहिजे, मधून उजेड दिसता कामा नये. हाताला फोड आले तरी सर म्हणणार, “अजून घास!” असे आपण लोखंड बसवणारे लोक, स्वतःच्या पँटच्या फिटिंगबाबत मात्र ठार अडाणी.

गेल्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला गेलो होतो. रतनवाडीतून रतनगड. वरच्या लोखंडी शिडीवर मी जीन्स घालून (हो, जीन्स! हसा) अडकले. ओलं कापड मांडीला चिकटलेलं, गुडघा वर येईना, खाली नऊ जण भिजत उभे. हाताने पँट ओढत ओढत चढले. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? वर नेढ्यात सगळे फोटो काढत होते आणि माझ्या मनात एकच, या डोंगराला नेढं आहे, माझ्या रूममध्ये साधी सुई नाही.

रेडिमेड ट्रेकिंग पँटच्या पैशात माझं मेसचं बिल निघतं. त्यात मुलींच्या पँटचा खिसा म्हणजे नुसता देखावा! शिंप्याकडे गेले तर त्याने कंबर आणि उंची घेतली, झालं. ही घालून चढणार कुठे, हे विचारलंच नाही. मग दिवाळीत आजीच्या मशीनवर स्वतःच बसले. कॉन्व्हेंटमध्ये नीडलवर्क होतं, पण ते रुमालावरच्या फुलांपुरतं.

पहिली पँट चांगली ढगळ शिवली. म्हटलं, पाय मोकळे राहतील. झालं उलटंच! आजी बघताक्षणी म्हणाली, “अगं, आसन खाली गेलंय.” आसन जितकं खाली लोंबतं, तितकी पाय उचलताना अख्खी पँट ओढली जाते. मोकळीक घेरात नाही, आसनात असते. खुर्चीवर ताठ बसून कमरेपासून बैठकीपर्यंत माप घ्यायचं आणि वर जेमतेम बोटभर सैल ठेवायचं. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच, कारण वाकलं की ताण मागे येतो. आणि चार शिवणी जिथे एका बिंदूत मिळतात, तिथे पतंगाच्या आकाराचा तुकडा जोडायचा. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन, दुसरं काय! जीन्सच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारणारा जेकब डेव्हिस हा शिंपीच होता. त्याच्या आणि लेव्ही स्ट्रॉसच्या नावावर १८७३ चं पेटंट आहे. शिवणकामाला इंजिनिअरिंग न मानणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

दुसरी पँट जुन्या चादरीची, फक्त माप बघायला. तिसरी टेरिकॉटची, लवकर वाळते म्हणून. शिवणीत भरपूर माया सोडली होती, त्यामुळे दोनदा उसवूनही कापड पुरलं. डिसेंबरमध्ये तीच घालून कळसूबाई केला. १६४६ मीटर, सगळ्या शिड्यांसकट! डावा गुडघा अजून जरा ओढतो, पण खिशात पाण्याची बाटली मावते.

आता मुद्द्याचं. आपल्या हॉस्टेलमध्ये टीटीचं टेबल आहे (नेट नाही), एक मोडका कॅरम आहे. एक सेकंडहँड शिलाई मशीन ठेवायला काय हरकत आहे? “हे मुलींचं काम” म्हणणारे वीर बटण तुटलं की पिन लावून व्हायवाला जातात, हे सगळ्या स्टाफने पाहिलंय. रेक्टर मॅडमना अर्ज दिलाय, त्या “बघू” म्हणाल्यात. अर्जावर अजून सह्या चालतील. तोपर्यंत सुईदोरा माझ्याकडे मिळेल, फक्त पँट धुऊन आणा!