पैशाचा आडपडदा

लोह्याच्या बाजारपेठेत आता चहाच्या गाड्यावरही क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. त्याशेजारी ठेवलेली लहानशी पेटी रक्कम जमा होताच मोठ्याने आकडा उच्चारते. विक्रेत्याला त्या आवाजाचा उपयोग आहे, कारण हात कामात गुंतलेले असताना त्याला मोबाइलकडे पाहावे लागत नाही. परंतु त्या आवाजामुळे जी गोष्ट बदलली, तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. नाणे अथवा नोट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बोलत नसे. आता पैसा बोलतो, स्वतःची नोंद लिहितो आणि ती नोंद वर्षानुवर्षे जपून ठेवतो. वाचक बंधू-भगिनींनो, या बदलाचा विचार आपण बहुधा सोयीच्या अंगाने करतो. आज तो आपल्या घरातील माणसांच्या अंगाने करावा, असे वाटते.

पैशाचे रूप बदलणे मराठवाड्याला नवीन नाही. निजामाच्या राजवटीत हैदराबाद संस्थानाचे स्वतंत्र चलन होते. इंग्रजी राज्याच्या रुपयाला आपल्याकडे कलदार म्हणत आणि संस्थानाच्या रुपयाला हाली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर काही काळ दोन्ही चलने बरोबरीने चालली. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. १९५१ मध्ये हाली रुपया काढणे बंद झाले आणि १९५९ मध्ये त्याची कायदेशीर मान्यता संपली. या चलनाची व्यवस्था पाहण्यासाठी १९४१ च्या कायद्याने जी हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली, ती पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून आपल्या गावोगावी पोहोचली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. इतकी स्थित्यंतरे झाली, तरी हाली असो, कलदार असो वा दशमान पद्धतीचा नवा रुपया असो, त्याचा एक स्वभाव कायम राहिला. आपण कोणाच्या हातातून आलो, हे तो सांगत नसे. हा स्वभाव बदलण्याची वेळ प्रथमच आली आहे.

यावर कोणी म्हणेल की, बँकेतील व्यवहारांची नोंद तर पूर्वीपासून होतच होती. हे खरे आहे. परंतु त्या नोंदीवर गुप्ततेचे बंधन होते. बँकिंगची परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला १९२४ चा इंग्लंडमधील टूर्निये खटला अभ्यासावा लागतो. खातेदाराची माहिती गुप्त ठेवणे हा बँक आणि खातेदार यांच्यातील कराराचाच भाग आहे, असे त्यात ठरले. राष्ट्रीयीकृत बँकांसंबंधीच्या १९७० च्या कायद्यात निष्ठा व गुप्ततेचे स्वतंत्र कलम आहे आणि कर्मचाऱ्याला कामावर रुजू होण्यापूर्वी तशा प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. हैदराबादचे जिल्हा निबंधक विरुद्ध कॅनरा बँक या २००४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कागदपत्रे बँकेच्या स्वाधीन केल्याने माणसाचा खासगीपणाचा हक्क संपत नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

सेवाकाळात या बंधनाचा अर्थ पुस्तकापेक्षा काउंटरवर अधिक समजला. पासबुक पदराखाली धरून हळू आवाजात शिल्लक विचारणाऱ्या, आणि ‘साहेब, पोराला सांगू नका’ असे बजावून जाणाऱ्या माउली प्रत्येक शाखेत भेटत. त्यांना भीती सरकारची नव्हती, शेजाऱ्यांचीही फारशी नव्हती. त्यांचा आडपडदा होता तो घरातल्या माणसांपासून. कायद्याने बँकेच्या आणि शासनाच्या हाताला मर्यादा घातली, पण कायदा घराचा उंबरठा ओलांडून आत येत नाही. उंबरठ्याच्या आत ही मर्यादा आजवर राखली ती रोख रकमेने.

याचा प्रत्यय साऱ्या देशाला ८ नोव्हेंबर २०१६ नंतर आला. पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि तांदळाच्या डब्यातील, फडताळातील, जुन्या लुगड्याच्या घडीतील नोटा बाहेर काढाव्या लागल्या. किराण्यातून वाचवलेले, भाऊबिजेला ओवाळणीत आलेले, माहेरून निघताना आईने मुठीत दिलेले असे ते पैसे होते. गृहिणी, कारागीर, मजूर यांनी अडीच लाख रुपयांपर्यंत भरणा केल्यास प्राप्तिकर विभाग विचारणा करणार नाही, असे सरकारने त्या वेळी जाहीर केले होते. तरीही एका गृहिणीने भरलेल्या सुमारे दोन लाख अकरा हजारांचा वाद प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठापर्यंत गेला. २०२१ मध्ये त्या पीठाने तिच्या बाजूने निकाल देत, गृहिणीने घरखर्चातून साठवलेली ही बचत मान्य केली. शासनाच्या प्रश्नाला असे उत्तर मिळाले. पण ‘हे पैसे आले कुठून?’ हा प्रश्न ज्या स्त्रियांना स्वयंपाकघरात विचारला गेला, त्यांच्यासाठी कोणतेही न्यायाधिकरण नव्हते. रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के मूल्याच्या नोटा परत आल्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालात आहे. म्हणजे नोटा परत आल्या. डब्याचा आडोसा मात्र अनेक घरांतून कायमचा गेला.

तो आडोसा कशासाठी हवा असतो? फसवणुकीसाठी नव्हे. लेक बाळंतपणाला येते, तेव्हा तिच्या हातावर काही ठेवावेसे वाटते. संकटातील बहिणीला दोनशे रुपये पाठवायचे असतात. एखाद्या दुखण्यासाठी घरात चर्चा न होता डॉक्टरांकडे जायचे असते. नातवाला खाऊसाठी दहा रुपये देताना सुनेच्या परवानगीची वाट पाहायची नसते. रक्कम अल्प असते, परंतु तिच्यामुळे ‘मागावे लागत नाही’ ही प्रतिष्ठा मिळते. जो आयुष्यभर कमावता राहिला, त्याला या प्रतिष्ठेचे मोल सहसा कळत नाही, कारण त्याला ती आपोआप मिळालेली असते.

आता आजची स्थिती पाहावी. अनेक घरांत आईचे खाते आईच्या नावाने असते, पण त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाचा असतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये थेट स्त्रीच्या खात्यात जातात, ही बाब निश्चितच मोलाची आहे. परंतु पैसे जमा झाल्याचा एसएमएस पतीच्या मोबाइलवर येत असेल, तर ते पैसे आल्याची वार्ता तिच्याआधी त्याला कळते, आणि ते कुठे गेले हेही त्यालाच कळते. निवृत्तिवेतनधारक वडिलांच्या मोबाइलवर मुलाने यूपीआय बसवून दिले, ते सद्भावनेनेच. पण महिनाअखेर तोच मुलगा ‘बाबा, हे तीनशे कोणाला दिले?’ असे सहज विचारतो. प्रश्नात दोष काही नसतो, मात्र सत्तरी ओलांडलेल्या माणसाला उत्तर देताना आपण हिशेबनीस मुलाचे आश्रित झालो, असे वाटून जाते.

याची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गुप्ततेने दुर्बळाचेच नुकसान झाल्याची उदाहरणे आपल्या बाजारात आहेत. पूर्वी उपरण्याखाली बोटे दाबून शेतमालाचा भाव ठरे आणि ज्याचा माल, त्या शेतकऱ्यालाच तो कळत नसे. नियमित बाजारपेठांनी उघड लिलाव आणला, तो याचसाठी. सावकाराने रोखीत दिलेल्या कर्जाचा आणि घेतलेल्या व्याजाचा पुरावा राहत नाही. मजुरी खात्यात जमा झाली, तर मुकादमाला ती कापता येत नाही. डब्यातील नोटांना वाळवी लागते, चोर लागतो आणि काळही लागतो. २०१९ मध्ये तमिळनाडूतील तिरुप्पूर जिल्ह्यात दोन वृद्ध बहिणींनी औषधपाण्यासाठी व अंत्यविधीसाठी जपलेले ४६ हजार रुपये रद्द झालेल्या नोटांत निघाले; नोटाबंदीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. म्हणून यूपीआय नको, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. व्यापारात तर स्वच्छ नोंद हाच धर्म आहे. दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. कर चुकवण्यासाठी धरलेला पडदा आणि सन्मान राखण्यासाठी धरलेला पडदा यांतील भेद आपल्याला ओळखता आला पाहिजे.

गुप्तदानाचेही असेच आहे. दात्याचे नाव कोणाला कळू नये, ही भावना रोख रकमेमुळेच सहज पाळता येते. दोन हजारांहून अधिक देणगी रोखीने दिल्यास तिच्यावर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, आणि त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. ज्याला सवलत हवी, त्याने पावती घ्यावी. ज्याला नाव नको, त्याने सवलत सोडावी. मात्र असे निवडण्याची मुभा पेटीत टाकायला नोट असेल तोवरच आहे.

रोख रक्कम उद्या नाहीशी होणार आहे का? आकडे तसे सांगत नाहीत. नोटाबंदीच्या वेळी सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. मार्च २०२४ अखेर तो आकडा सुमारे ३५ लाख कोटींवर गेला. १ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. नोटा पुन्हा मिळू लागताच तेथील व्यवहार बहुतांशी रोखीवर परतले. तेव्हा नोट संपत नाही. ती स्वीकारणारी ठिकाणे मात्र कमी होत आहेत. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गावरील टोल नाक्यावर फास्टॅग नसलेल्या वाहनाला दुप्पट शुल्क लागू झाले. महावितरणने ऑगस्ट २०२३ पासून घरगुती वीजबिल रोखीने भरण्यास पाच हजारांची मर्यादा घातली. प्रत्येक निर्णयामागे सबळ कारण आहे. पण असे एकेक दार बंद होत गेले की, ज्याच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही, त्याला प्रत्येक कामासाठी दुसऱ्याचा हात धरावा लागतो.

ही जाणीव धोरणकर्त्यांनाही आहे. डिजिटल रुपयाविषयी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकल्पना टिपणात, लहान रकमांच्या व्यवहारांना रोखीसारखी वाजवी गुप्तता असावी, असा विचार मांडला आहे. रोखीचा वापर अत्यल्प उरलेल्या स्वीडनमध्ये २०१८ साली सरकारी यंत्रणेने घरोघरी वाटलेल्या आपत्कालीन पुस्तिकेत, घरात लहान मूल्याच्या काही नोटा ठेवाव्यात, असा सल्ला नागरिकांना दिला. तेथे चिंता मुख्यतः यंत्रणा बंद पडण्याची होती. आपल्याकडे तिच्या जोडीला घरातील दुर्बळ माणसाच्या मानाचा प्रश्न आहे.

त्यावरचे उपाय मात्र फार अवघड नाहीत. आई, पत्नी, सून यांच्या खात्याला त्यांचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. नसल्यास शाखेत अर्ज देऊन तो बदलून घ्यावा. ज्येष्ठांना यूपीआय शिकवावे, पण त्यांचा पिन आपण जाणून घेऊ नये आणि व्यवहारांची यादी विचारल्याशिवाय उघडू नये. किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट वापरता येते. त्यात पासबुकात फक्त एकदा भरलेली रक्कम दिसते, प्रत्येक पाच-दहा रुपयांची नोंद येत नाही. एटीएममधून शंभर व दोनशेच्या नोटा मिळाव्यात, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दिला आहे. त्या नोटा न मिळाल्यास शाखेत आवर्जून विचारावे. दुकानदार बंधूंनी गल्ल्यात सुट्टे पैसे ठेवावेत आणि नोट पुढे करणाऱ्या म्हाताऱ्या ग्राहकाला ‘ऑनलाइन नाही का?’ असे विचारून अवघडवू नये. ज्येष्ठांनीही एवढे करावे की, आपली ठेव कुठे आहे हे विश्वासातील एका तरी व्यक्तीला सांगून ठेवावे.

आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे हातखर्ची. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्यांच्या आणि गृहिणीच्या हातात, आपल्या ऐपतीप्रमाणे, काही रक्कम नोटांच्या रूपाने ठेवावी. ती कशावर खर्च झाली, हे पुढच्या महिन्यात विचारू नये.