दुबईला निघालात? डबा आणि औषधांची पिशवी आजच उघडा

दिवाळीला मुलांकडे, लेकीच्या बाळंतपणाला किंवा नुसतेच फिरायला दुबई-अबुधाबीला निघालेल्या प्रत्येकाला कळकळीची विनंती: बॅग भरून झाली असली तरी ती आजच पुन्हा उघडा.

आधी खाऊचा डबा पाहा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. खसखस अफूच्या बोंडातली. तिच्यात मॉर्फिनचा अंश राहू शकतो आणि तिथला अमली पदार्थांचा कायदा फार कडक आहे. आपल्याकडे तर अनारसा खसखशीवरच थापतात. करंजीच्या सारणात, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात ती असते; घरच्या मसाल्यात वाटली गेली की दिसतही नाही. लाडू जरूर न्या, पण खसखस न घालता करा. विकतचे असतील तर दुकानदाराला स्पष्ट विचारा.

औषधांची चूक याहून महागात पडते. गुडघेदुखीवरचे ट्रॅमाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आपल्याकडे किती घरांत असतात! तिथे त्या नियंत्रित आहेत. निघण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढा. पण धसका घेऊन कुठलीही गोळी आपल्या मनाने सोडू नका. क्लोनाझेपाम एकदम थांबवले तर फिट येऊ शकते. आजच डॉक्टरांना भेटा, दुसरे औषध चालेल का विचारा.

गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरण्याची सवय आपल्या ज्येष्ठांना असते. प्रवासात तसे करू नका. मूळ पाकीट, बिल आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी एकत्र ठेवा, कारण आपल्याकडची कंपनीची नावे तिथे ओळखीची असतीलच असे नाही. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच हवे. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते.

आणि कुणाचेही बंद पुडके घेऊ नका, अगदी सख्ख्या नात्यातले असले तरी. 2019 मध्ये मुंबईच्या एका जोडप्याने नातेवाइकाने दिलेले पाकीट कतारला नेले. त्यात चरस निघाले. ती दोघे निर्दोष सुटून 2021 मध्ये परतली, पण तोवरचा काळ तुरुंगात गेला. नाही म्हणायला संकोच वाटेल, तरीही म्हणा.

प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी 998, पोलिसांसाठी 999. हे आकडे आईबाबांच्या फोनमध्ये आजच घालून द्या आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पासपोर्टमध्येही ठेवा.