सोळाव्या वर्षीचा बाजारभाव

दर वर्षी १५ जानेवारीला डोमिनिकन प्रजासत्ताक आणि व्हेनेझुएला या देशांतील शेकडो मुले अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल क्लबांच्या करारपत्रांवर सह्या करू लागतात. त्यांचे वय बहुधा सोळा असते आणि त्यांतील मोठी रक्कम मिळविणारी अनेक मुले शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधली जागा राखणारे खेळाडू असतात. सही त्या दिवशी होत असली, तरी तोंडी सौदा दोन-तीन वर्षे आधीच ठरलेला असतो, हे या व्यवसायातील उघड गुपित आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगी पुढे कोणते गुण येणार, हे इतक्या लवकर कोणाला आणि कसे कळावे? वरकरणी हा प्रश्न क्रीडाशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आहे.

क्लबांच्या वतीने मुले हेरणारे स्काउट पाच गुणांची परीक्षा करतात : फटका साधण्याची हातोटी, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येक गुणाला २० ते ८० यांमधला अंक दिला जातो. ५० म्हणजे वरिष्ठ स्पर्धेतील खेळाडूची सरासरी. अंक दोन असतात, एक आजचा आणि दुसरा पुढे अपेक्षित असलेला. साठ यार्डांची धाव घड्याळ लावून मोजता येते. दुसरा अंक मात्र कोणत्याही घड्याळावर दिसत नाही. त्यासाठी मुलाचे खांदे, मनगट, वडिलांची शरीरयष्टी असे आडाखे बांधावे लागतात.

शॉर्टस्टॉपला भाव का, याचेही उत्तर या अनिश्चिततेतच आहे. ही जागा सांभाळणारा मुलगा पुढे अंगाने भरला आणि मंदावला, तर त्याला तिसऱ्या बेसवर किंवा बाहेरच्या मैदानात हलविता येते. उलटा प्रवास जवळजवळ अशक्य. साखर कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सान पेद्रो दे माकोरीस येथील मिगेल सानो याला मिनेसोटाच्या क्लबाने २००९ मध्ये साडेएकतीस लाख डॉलर देऊन घेतले ते शॉर्टस्टॉप म्हणून. वरिष्ठ स्पर्धेत तो खेळला तिसऱ्या आणि पहिल्या बेसवर. क्लब मुलाबरोबर पर्यायही विकत घेत असतो.

तरीही आडाखे चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. व्हेनेझुएलाचा होसे अल्तुवे पहिल्या चाचणीतून बुटका म्हणून परत पाठविला गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर झाला, आणि अखेर ह्यूस्टनच्या क्लबाने २००७ मध्ये त्याला अवघ्या १५ हजार डॉलरना घेतले. २०१७ मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. याच्या उलट, वॉशिंग्टनच्या क्लबाने २००६ मध्ये १४ लाख डॉलर मोजून घेतलेला सोळा वर्षांचा एस्मैलिन गोन्सालेस प्रत्यक्षात चार वर्षांनी मोठा, दुसऱ्याच नावाचा तरुण असल्याचे २००९ मध्ये उघडकीस आले. भाव वयावर ठरत असेल, तर वय हीच बनावट मालाची जागा होणार, यात नवल कसले?

प्रश्न चुका होण्याचा नाही. चुकीची किंमत कोणी भरायची, हा आहे. क्लब शेकडो मुलांवर पैसा विखुरतो. एखादा अल्तुवे निघाला की बाकीच्यांचा खर्च निघतो. मुलाजवळ मात्र एकच आयुष्य असते. शाळा सोडून तो ‘बुस्कोन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक प्रशिक्षकाकडे राहतो. हा गृहस्थ त्याला जेवू घालतो, घडवितो आणि करार झाला की रकमेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक कापून घेतो. त्याला केवळ दलाल म्हणून झोडपणे सोपे आहे. पण ज्या कुटुंबाला कोणतीही बँक कर्ज देणार नाही त्याच्या मुलावर भांडवल लावणारा दुसरा कोणी तेथे नसतो, हेही खरे. पुढच्या पायरीवर हाच व्यवहार सुटाबुटात होतो. फर्नांडो तातिस (धाकटा) याने २०१७ मध्ये एका अमेरिकन कंपनीकडून रोख रक्कम घेऊन भावी मिळकतीचा वाटा लिहून दिला. २०२१ मध्ये त्याला १४ वर्षांचा ३४ कोटी डॉलरचा करार मिळाला, आणि २०२५ मध्ये त्याने त्या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

क्लबांनी स्वतःचा धोका मात्र नियमाने कमी करून घेतला. २०१५ मध्ये बोस्टनच्या क्लबाने क्यूबाच्या योआन मोंकादा या एकाच इनफील्डरला ३ कोटी १५ लाख डॉलर दिले होते. २०१७ पासून परदेशी मुलांवरील खर्चाला कडक मर्यादा आली; २०२५ मध्ये एका क्लबाला सर्व मुलांसाठी मिळून साधारण ५१ ते ७५ लाख डॉलर उपलब्ध होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे काय होईल ते लगेच सांगेल. भावाची स्पर्धा कृत्रिमपणे रोखली, की ती वेळेच्या स्पर्धेत वळते. जास्त पैसे देता येत नाहीत, म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या आधी शब्द द्यायचा. वय जितके लहान, तितका आडाखा कच्चा. आणि तोंडी शब्द असल्यामुळे मुलाची वाढ खुंटली किंवा खांदा दुखावला, तर क्लबाला तो मोडायलाही काही पडत नाही. आपल्याकडील आयपीएलच्या लिलावावर पुष्कळ टीका करता येईल, पण तेथे बोली निदान उघड असते.

यावर उपाय म्हणून अमेरिकन मुलांप्रमाणे परदेशी मुलांचीही क्रमवार निवड करावी, अशी क्लबमालकांची योजना होती. त्यातून तोंडी सौदे संपले असते, हे मान्य करावे लागेल. मात्र मुलाला क्लब निवडण्याचा उरलासुरला हक्कही गेला असता. २५ जुलै २०२२ च्या मुदतीपर्यंत खेळाडू संघटनेशी बोलणी फिसकटली. त्या वाटाघाटीत योजनेच्या बदल्यात मालकांनी देऊ केले होते, ते मुक्त झालेल्या नामवंत खेळाडूंच्या भावाला आळा घालणाऱ्या एका नियमाचे उच्चाटन. ज्या मुलांच्या भवितव्याची ही देवघेव चालली होती, ती त्या संघटनेची सभासद नव्हती. २०२३ मध्ये कनिष्ठ स्पर्धांतील खेळाडूंना संघटनेने पहिला सामुदायिक करार मिळवून दिला. नव्याने घेतलेली बहुतेक मुले जेथे खेळतात, त्या डोमिनिकन उन्हाळी लीगला तो लागू नाही.