विश्लेषण : जुन्या वेगवान गाडीला मोठे ब्रेक बसवावेत का? आधी ब्रेक ऑइल बदला, कॅलिपर नंतर

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे नाव २०२३ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनामुळे राज्यभर पोहोचले. गावाजवळच्या वडीगोद्रीवरून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. तो चौपदरी झाल्यापासून शहागडच्या गोदावरी पुलापर्यंत गाड्या सुसाट पळतात. जालन्याजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२०, तर चौपदरी दुभाजक महामार्गावर ताशी १०० किमी ही कमाल मर्यादा आहे.

रस्ते बदलले, तशी जुन्या वेगवान गाड्यांची हौसही वाढली. या पट्ट्यात अशी गाडी म्हटले की पहिले नाव घरचेच येते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. २००४ मध्ये आलेल्या ‘ऑक्टाव्हिया आरएस’मध्ये १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते आणि ताकद १५० अश्वशक्ती. आज वीस वर्षे ओलांडलेली ही गाडी हौशी मंडळी शोधून विकत घेतात, इंजिनाचे रिमॅपिंग करतात आणि मग ब्रेककडे वळतात. क्रम इथेच उलटा होतो. ताकद आधी वाढवायची आणि थांबण्याचा विचार नंतर, त्यातही पहिली खरेदी लाल रंगाच्या मोठ्या कॅलिपरची.

ब्रेक नेमके काय करतो?

ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. गती दुप्पट झाली की ही ऊर्जा चौपट होते. माणसांसह १,३५० किलोची गाडी ताशी ८० किमीवरून थांबवताना साधारण ३३० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. ताशी १२० वर तोच आकडा ७५० वर पोहोचतो. वेग दीडपट झाला, उष्णता सव्वादोनपट. एवढ्या उष्णतेत दोन लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल, आणि ब्रेकला ती चार-पाच सेकंदांत गिळावी लागते.

अंतराचेही तसेच. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील, तर ब्रेक लागल्यापासून ताशी ८० वर सुमारे ३२ मीटर आणि १२० वर सुमारे ७० मीटर लागतात. चालकाचा पाय पेडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. तो धरला तर अंतर अनुक्रमे ५४ आणि १०३ मीटर होते. ऊस हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेली, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली रात्री किती अंतरावरून दिसते, हे या भागातल्या वाहनचालकांना सांगायला नको.

मग मोठी डिस्क बसवली की अंतर कमी होईल?

बहुतेकदा नाही. गाडी शेवटी थांबवतो टायर. पेडल जोरात दाबल्यावर चाक लॉक होत असेल किंवा एबीएसची थरथर पायाला जाणवत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे आणि कमी पडते आहे ती टायरची पकड. त्यावर कितीही मोठा कॅलिपर बसवला तरी पहिल्या थांब्याचे अंतर जवळपास तेवढेच राहते. जुन्या गाडीवर नक्षी शाबूत पण रबर कडक झालेले टायर असणे नेहमीचेच. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार अंक पाहावेत. ‘२३१७’ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. अशा टायरवर आयात केलेले महागडे ब्रेक लावणे म्हणजे गळक्या हौदाला नवा नळ बसवणे.

मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णता साठवण्यात आणि बाहेर टाकण्यात आहे. त्यासाठी आपल्याकडच्या दोन रस्त्यांची तुलना पुरेशी आहे.

समृद्धीवर मराठवाड्यात रस्ता बहुतांशी सपाट. ताशी १२० वरून एकदा जोरात ब्रेक मारला आणि पुढच्या चाकांनी ७० टक्के भार उचलला असे मानू. पुढची एक डिस्क सहा किलोची धरली, तर तिचे तापमान साधारण ९० ते १०० अंशांनी वाढते. कंपनीने दिलेली डिस्क हे सहज सोसते.

आता याच धुळे-सोलापूर महामार्गाने उत्तरेला जाऊ. कन्नड सोडले की चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट लागतो. घाटात गाडी ३०० मीटर खाली उतरली असे धरले, तर सुमारे ४,००० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. म्हणजे ताशी १२० वरून पाचपेक्षा जास्त वेळा थांबण्याइतकी. न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवर ठेवून उतरणाऱ्याची ही जवळपास सगळी उष्णता ब्रेकमध्ये साठत जाते. साध्या पॅडची पकड साधारण ३५० ते ४०० अंशांच्या आसपास घसरू लागते. यालाच ब्रेक फेड म्हणतात. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरले तर यातला मोठा वाटा इंजिन उचलते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पेट्रोल वाचवायचे म्हणून घाटात न्यूट्रल करण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. इंजेक्शनच्या गाडीत तर त्याने पेट्रोलही वाचत नाही. गिअरमध्ये उतरताना इंधनपुरवठा बंदच असतो.

मग पैसे कुठे घालावेत?

सर्वात आधी ब्रेक ऑइल. आपल्याकडे इंजिन ऑइलची तारीख स्टिकरवर लिहून ठेवतात, ब्रेक ऑइल मात्र ‘कमी झाले तर वरून टाका’ एवढ्यावर भागते. प्रत्यक्षात हे द्रव हवेतली ओल शोषते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल मुरल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. जुने ऑइल घाटात उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, कॅलिपरपर्यंत जोर पोहोचत नाही आणि पेडल थेट तळाला बसते. ‘ब्रेक फेल झाला’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अनेक घटनांमागे हे असू शकते. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलणे हा काही शे रुपयांच्या मालाचा आणि तासाभराच्या मजुरीचा प्रश्न आहे. डॉट ५.१ वापरता येते, पण नुसते ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे असते. ते यात मिसळायचे नाही.

त्यानंतर रबरी होस पाइप. वीस वर्षांचे रबर दाबाखाली फुगते आणि पेडल स्पंजासारखे लागते. नवे मूळ पाइप किंवा स्टीलची जाळी असलेले पाइप घातले की अनेकांना ‘ब्रेकच बदलले’ असे वाटते. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या असतील तर एकच पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणे हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. मागच्या चाकांकडे तर कोणी पाहतच नाही.

मग पॅड. इथे मोह आवरावा. शर्यतीचे पॅड गरम झाल्यावर पकडतात. थंडीत सकाळी सहाला वडीगोद्री फाट्यावर समोर आलेल्या म्हशीसाठी ते निरुपयोगी. रस्त्यावरच्या वापराचे, नावाजलेल्या कंपनीचे आणि बिलासह घेतलेले पॅड पुरतात. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करून ते डिस्कवर बसवावे लागतात. गॅरेजवाला हे सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

हे सगळे झाल्यावरही घाटात वारंवार ब्रेक तापत असतील, तरच मोठ्या डिस्कचा विचार योग्य. ऑक्टाव्हियाची पहिली पिढी फोक्सवॅगन गोल्फ आणि ऑडी टीटीच्या त्या काळातल्या सांगाड्यावर बेतलेली, त्यामुळे भंगार बाजारातून मोठ्या भावंडांचे भाग आणून बसवण्याची कल्पना चांगलीच फिरते. बसतात म्हणजे जुळतात असे नाही. पुढच्या कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की पेडल जास्त खाली जाते, पुढे-मागे ब्रेकची वाटणी बिघडते, आणि मास्टर सिलिंडर मात्र जुन्याच मापाचा राहतो. वाटणी पुढे जास्त झाली तर मागचे ब्रेक नुसते सोबतीला उरतात आणि थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. अपघातग्रस्त गाडीतून काढलेला कॅलिपर किती तापला होता, हे त्यावर लिहिलेले नसते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कलम १८२ अ अन्वये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आरसी बुकात डिस्कच्या मापाचा रकाना नाही, म्हणून परवानगी आहे असे समजणारे बरेच. तसे नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक पहिला प्रश्न हाच विचारू शकतो.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यावेळी तपासणी होते. २००४ ची गाडी या चाळणीतून आतापर्यंत दोनदा गेलेली असायला हवी. जुनी गाडी घेताना रिमॅपिंगचे प्रमाणपत्र विचारणाऱ्याने विक्रेत्याकडे ब्रेक ऑइल शेवटचे बदलल्याचे बिल मागावे. ते नसेल, तर किंमत ठरण्याआधी डिस्कची जाडी मोजून घ्यावी. किमान जाडी किती असावी, हे बहुधा डिस्कच्या कडेवरच कोरलेले असते.