औषधाच्या बॅगेआधी गव्हाण



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रात वाढ्यांचा सुकाळ होतो. फडात वाढे, दारात वाढे, गव्हाणीत वाढे. चार-पाच महिने जनावराला दुसरा चारा दिसतच नाही. मग तक्रारी सुरू होतात. गाय माजावर येत नाही, आली तर उलटते, व्यायल्यावर दूध तोडते. की लगेच डॉक्टरला फोन, सुई, सलाईन आणि बिल. डॉक्टर चांगला की वाईट यावर पारावर चर्चा रंगते. गव्हाणीत काय पडले होते, हे कोणी कोणाला विचारत नाही.

ज्या डॉक्टरांनी जन्मभर हाच प्रश्न आधी विचारला, त्यांच्याविषयी आज आम्हांला लिहायचे आहे. डॉ. अमृता पटेल. राहणाऱ्या गुजरातच्या, पण पशुवैद्यक शिकल्या त्या आपल्या मुंबईत, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. १८८६ साली निघालेले हे जुने कॉलेज. तिथून त्या १९६५ साली पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या काळी मुलीने जनावरांचे डॉक्टर व्हायचे म्हणजे लोकांच्या भुवया वर जात. घर मोठे होते हेही सांगितले पाहिजे. वडील एच. एम. पटेल हे आय.सी.एस. अधिकारी, पुढे १९७७ ते १९७९ देशाचे अर्थमंत्री. अशा घरच्या मुलीला खुर्चीची नोकरी कुठेही मिळाली असती. त्या गेल्या आणंदला, अमूलमध्ये, आणि काम घेतले जनावरांच्या खाद्याचे.

अमूलचा कंजरी येथील पशुखाद्याचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. १९६४ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याचे उद्घाटन केले, आदल्या रात्री एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी मुक्काम केला, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ निघाले, ही हकिगत अनेकांना ठाऊक असेल. पशुपोषणाचे शिक्षण घ्यायला अमृताबाई स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या रोवेट संस्थेतही जाऊन आल्या. परत आल्या त्या सहकारातच. १९७१ पासून दुग्धविकास मंडळात, १९९० मध्ये व्यवस्थापकीय संचालक, १९९८ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन यांच्या जागी अध्यक्ष, आणि २०१४ पर्यंत त्या पदावर. २००१ साली पद्मभूषण. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे एकाच कामाची चाकरी.

सगळे गोड झाले असे नाही. राज्यांच्या दूध महासंघांनी मदर डेअरीबरोबर भागीदारीत कंपन्या काढाव्यात, या प्रश्नावर खुद्द कुरियन यांनीच उघडपणे त्यांच्या विरोधात भूमिका घेतली. सहकारात कंपनी घुसली तर मालकी शेतकऱ्याची राहील काय, हा कुरियन यांचा प्रश्न खोटा नव्हता. आमचे मतही त्या बाबतीत कुरियन यांच्याच बाजूला झुकते. पण त्या वादाने बाईंचे गोठ्यातले काम लहान होत नाही.

ते काम कोणते, ते आपल्या भाषेत सांगतो. २०१२ साली, त्या अध्यक्ष असताना, राष्ट्रीय डेअरी योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला. आपले राज्यही त्यात होते. त्यात संतुलित आहाराचा कार्यक्रम होता. गावातलाच एक शिकलेला माणूस किंवा बाई गोठ्यात येणार, गाय किती दूध देते, घरात चारा कोणता, पेंड कोणती ते विचारणार, संगणकात घालणार आणि आहे त्याच चाऱ्यात कमीत कमी खर्चाची गव्हाण कशी भरायची ते सांगणार. यात सुई नाही, बाटली नाही. पशुवैद्यकाचे सगळे शास्त्र मात्र त्यात आले.

आता आपल्या वाढ्यांकडे या. वाढ्यांत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला धरून बसते, आणि ते कॅल्शियम जनावराच्या अंगी न लागता शेणावाटे निघून जाते. शिवाय वाढ्यांत प्रथिने कमी. दुभत्या गाईच्या दुधातून कॅल्शियम रोज बाहेर जात असते, मग ती हाडांतले काढून देते आणि खंगते. म्हणून पशुवैद्य सांगतात की नुसती वाढी घालू नका, कडबा आणि लसूणघास मिसळा, चुन्याची निवळी शिंपडा, खनिज मिश्रण रोज द्या. खनिज मिश्रणाची पिशवी महाग वाटते खरी. सलाईन लावताना मात्र आपण भाव करीत नाही! आणि आपल्याच कारखान्यातल्या मळीत युरिया व खनिजे मिसळून चाटणाच्या विटा करण्याची रीत दुग्धविकास मंडळाने १९८०च्या दशकातच दाखवून दिली आहे. मळी आपली, जनावर आपले, आणि विटा मात्र आपल्यापैकी कितीजणांच्या दावणीला आहेत?

आणखी एक बोलतो, काहींना रुचणार नाही. गव्हाण भरते कोण? घरातली बाई. शेण काढते, धार काढते, कालवडीच्या अंगाला हात लावून ताप ओळखते तीच. पण जनावरांचे शिबिर भरले की पुढच्या सतरंजीवर आपण पुरुष, आणि ती चहाच्या पातेल्यापाशी. सांगायचे तिला आणि ऐकणार आपण, अशाने वाढ्यात चुना कधी पडायचा? डॉक्टर बाई असली तर ती थेट चुलीपर्यंत जाते, हा मोठा फायदा आहे. आज पशुवैद्यकाच्या वर्गांत मुली कमी नाहीत. नीट परीक्षा देऊन सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळतो, शिक्षण साडेपाच वर्षांचे. आपल्या सभासदांच्या मुलीही हुशार आहेत, पण घरचे म्हणतात, पोरीच्या जातीला हे गाईगुरांचे कशाला. जी पोर आठव्या वर्षापासून शेण काढते आहे, तिच्याबद्दल हे बोलायचे!

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. कारखान्याने सभासदांच्या मुलींपैकी दरवर्षी एकीच्या पशुवैद्यक शिक्षणाचा खर्च शिक्षण निधीतून उचलावा. आणि यापुढचे जनावरांचे प्रत्येक शिबिर औषधवाटपाने नव्हे, तर गव्हाणीच्या हिशेबाने सुरू व्हावे, तेही गोठ्यात आणि घरातल्या बाईसमोर. वार्षिक सभेसाठी हा विषय आम्ही कार्यालयाकडे लेखी देणार आहोत. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी ऑफिसात नाव नोंदवावे. भगिनी सभासदांनी स्वतः येऊन नोंदवले तर अधिक बरे.