पीठ फुगत नाही? आधी यीस्ट तपासा

लादीपावासाठी पीठ मळून झाकून ठेवावे आणि दोन तासांनी पाहावे तर गोळा जसाच्या तसा! मैदा, साखर, तेल वाया जाते. घरून पाव करून विकणाऱ्या बाईची तर त्या दिवसाची कमाई बुडते. वर घरात बोलणे सुरू होते, हिच्या हाताला गुण नाही, कुणाची तरी नजर लागली. आम्ही सांगतो, दोष हाताचा नाही आणि नजर वगैरे काही लागत नाही. बहुतेक वेळा कारण यीस्टच्या पुडीत सापडते.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी, एक जिवंत वस्तू. आंबण्याची क्रिया जिवंत पेशींमुळे होते हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनातून दाखवून दिले. ओलावा, ऊब आणि साखर मिळाली की यीस्ट कामाला लागते, कार्बन डायऑक्साईड वायू सोडते आणि पीठ फुगते. कोरड्या यीस्टमधल्या पेशी झोपलेल्या असतात. दमट हवा व उष्णता लागली की त्या डब्यातच निकामी होतात.

म्हणून एवढे सांभाळा :

१) बंद पाकीट थंड, कोरड्या जागी ठेवा व छापील तारखेच्या आत वापरा. शेगडीवरची फळी यीस्टसाठी नव्हे.

२) पाकीट फोडल्यावर यीस्ट घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. सुमारे चार महिने टिकते, बर्फाच्या कप्प्यात सहा महिने. बाटलीवर फोडल्याची तारीख लिहा.

३) चमचा कोरडाच हवा. लागेल तेवढे काढून बाटली लगेच आत ठेवा. बाहेर राहिली तर आत पाणी सुटते.

४) ओले, वडीचे यीस्ट फ्रिजमध्येही दोनेक आठवडेच चांगले राहते.

५) घरी फ्रिज नसेल तर लहान पुडीच घ्या. मोठे पाकीट स्वस्त वाटते, पण अर्धे फेकावे लागले तर ते महागच पडते. चार शेजारणींनी मिळून घेतले तर वाटून लवकर संपते.

शंका आली तर मैदा भिजवण्याआधी परीक्षा घ्या. पाव कप कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर विरघळवून एक चमचा यीस्ट टाका. पाणी मनगटावर सोसवेल इतकेच ऊन असावे. कढत पाण्याने यीस्ट मरते. दहा मिनिटांत वर चांगला फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. तेच पाणी पिठात वापरा, काही वाया जात नाही. फेस आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या. चमचाभर यीस्ट गेले, पण किलोभर मैदा आणि सकाळभराचे कष्ट वाचले.