विश्लेषण : डायनासोरच्या शेणात भाताचे नातलग कसे सापडले? धसईच्या खडकाशी त्याचा काय संबंध?

मुरबाड तालुक्यातील धसईचे नाव राज्यभर झाले ते डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतरचे ‘कॅशलेस गाव’ म्हणून. एरवी या गावाची आणि एकूणच शहापूर-मुरबाड पट्ट्याची ओळख भातशेतीची. आवणीला किंवा कापणीला ज्याने शेतात हात घातला आहे, त्याला भाताचे पाते बोट कसे कापते हे सांगावे लागत नाही. पात्याला ही धार देणाऱ्या पदार्थामुळेच चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावात गवताचा इतिहास नव्याने लिहावा लागला. त्या शोधातून धसईसारख्या गावांनी काय घ्यायचे, याचा हा विचार.

भाताचे पाते बोट का कापते?

गवतवर्गीय झाडे मुळांवाटे जमिनीतली विरघळलेली सिलिका शोषून घेतात. ती पानांच्या पेशींत साठते आणि तिचे काचेसारखे सूक्ष्म कण तयार होतात. त्यांना ‘फायटोलिथ’ म्हणतात. काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जोडीला भाताच्या तुसाची राख वापरता येते, हे अभियांत्रिकीला असताना शिकलो होतो. कारण हेच. नीट जाळलेल्या तुसाच्या राखेत साधारण ८५ ते ९० टक्के सिलिका असते. पान कुजले किंवा जनावराने खाल्ले, तरी हे कण टिकतात. गवताच्या गटागटानुसार त्यांचे आकार वेगळे असतात, त्यामुळे पान नसले तरी झाड कोणत्या कुळातले हे ओळखता येते.

पिसदुरा येथे काय सापडले?

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. येथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ते गोळे तपासले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. शेणात ताड-माड वर्गातील आणि सूचिपर्णी झाडांच्या खुणांबरोबर गवताच्या किमान पाच प्रकारांचे फायटोलिथ होते. गवताची विविधता डायनासोर संपल्यानंतर वाढली, असे तोवर मानले जात होते. पिसदुऱ्याच्या शेणाने ती समजूत मोडली.

पुढे २०११ मध्ये याच ठिकाणच्या नमुन्यांवरून भाताच्या गटातील गवतांचे वर्णन झाले. त्यातील एकाला ‘चांगी इंडिकम’ असे नाव मिळाले. हा आपला भात नव्हे. त्याच्या विस्तारित कुटुंबातले फार जुने नातलग. पण ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या विदर्भात उगवत होते.

नवी प्रजाती ‘ठरते’ कशी?

दगडात वेगळे काही दिसले म्हणजे नवी प्रजाती झाली, असे नाही. आधी तो नमुना जवळच्या सर्व ज्ञात प्रजातींशी ताडून पाहावा लागतो आणि कोणत्या खुणांमुळे तो निराळा ठरतो हे लिहावे लागते. मग एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवायचा, तो संस्थेच्या संग्रहात क्रमांक देऊन ठेवायचा आणि वर्णन प्रसिद्ध करायचे. होलोटाइप म्हणजे त्या नावाचा सातबारा. उद्या कोणी शंका घेतली तर तोच काढून पाहायचा.

शंका घेतलीही जाते. चंद्रपूर जिल्ह्यातीलच डोंगरगाव येथील डायनासोरचे वर्णन १९९७ मध्ये ‘टायटनोसॉरस कोल्बर्टी’ या नावाने झाले. २००३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी फेरतपासणी करून त्याला ‘आयसीसॉरस’ या वेगळ्या गटात टाकले. यातील ‘आयसी’ म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, जिच्या अभ्यासकांनी तो सांगाडा अभ्यासला होता. हाडे जपून ठेवलेली होती म्हणून ही दुरुस्ती शक्य झाली.

नावातून पर्यावरण कसे कळते?

मुंबईच्या वरळीतील खडकात बारीक बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना ‘राना पुसिला’ असे नाव दिले. पुढे १९३० मध्ये ते ‘इंडोबॅट्राकस’ झाले. बेडूक खाऱ्या पाण्यात सहसा तग धरत नाही. म्हणजे आज जिथे समुद्र थडकतो, तिथे लाव्हाच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात गोड्या पाण्याची डबकी होती.

मात्र हा निष्कर्ष एकट्या बेडकावर उभा राहत नाही. सोबतचे प्राणी, वनस्पती आणि तो थर गाळाचा आहे की राखेचा, हे सगळे जुळावे लागते. म्हणून जागेची नोंद नसलेला जीवाश्म दिसायला सुंदर असला, तरी साक्षीदार म्हणून अर्धवट असतो.

धसईच्या खडकात काय आहे?

धसईच्या पाठीशी उभा असलेला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. तप्त लाव्हात सहसा काही टिकत नाही. जीवाश्म मिळतात ते लाव्हाच्या खाली दबलेल्या गाळात, जसे पिसदुऱ्याला, किंवा दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात, जसे वरळीला. सह्याद्रीच्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला की काळ्या थरांमध्ये कुठे कुठे तांबडा पट्टा दिसतो. ती बहुतेकदा तेव्हाची माती असते. उद्रेक थांबला असताना खडक झिजून तयार झालेली. तळ्याचा गाळ मात्र सह्याद्रीत विरळा. विरळा आहे म्हणूनच एखादा उघडा पडला तर त्याचे मोल अधिक.

आणि हा भाग वेगाने कापला जात आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. तो ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ते हवेत, खडीही हवी. त्यावर इथल्या अनेक घरांची चूल पेटते. प्रश्न एवढाच, की डोंगर फुटताना मधल्या थराकडे पाहणे कोणाच्या कामात मोडते?

कायदा काय सांगतो?

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. जेसीबीच्या दात्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीची अनोळखी प्रजाती आली, तर तशी सक्ती नाही. खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भूअवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा मांडला. सारे अधिकार एकाच सरकारी यंत्रणेकडे एकवटतील, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यावर उपाय मसुदा सुधारणे हा आहे, तो बाजूला ठेवणे हा नाही.

तोवर काय करता येईल?

माझ्या मते दिल्लीची वाट न पाहता तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. पहिली : मोठ्या रस्त्याआधी आणि बोगद्याआधी बोअर मारून खडकाचे दंडगोल नमुने काढतात. ते ताकद मोजण्यासाठी असतात. काम संपल्यावर नमुने आणि त्यांच्या नोंदी विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला द्याव्यात, अशी एक अट निविदेत घालावी. दुसरी : जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही असते. तिला एक पान खडकांचे जोडावे. खदान कुठे, मधला थर कुठे दिसतो, एवढे त्यात लिहावे. तिसरी : खदानीत वेगळा दगड दिसला तर तो घरी न नेता जागेवरच फोटो काढावा, मोबाइलवर ठिकाण नोंदवावे आणि जवळच्या महाविद्यालयाला कळवावे.

पिसदुऱ्याचे गोळे कोणीतरी साधे दगड म्हणून फोडून टाकले असते, तर भाताच्या घराण्याचा हा दाखला खडीत गेला असता. धसईच्या डोंगरात असे काही असेलच असे नाही. पण नाही म्हणण्यासाठीही कोणीतरी आधी पाहिलेले असायला हवे.